बळीरामभाऊ आणि रस्त्यावरचे अकरा पंडाल

या बापा, असे जवळ सरकून बसा. टाळ मांडीवर ठेवा, पेटीवाल्यांनी जरा दम खावा. आजचं आख्यान पुराणातलं नाही, आपल्या वैशाली नगरातल्या बळीरामभाऊंचं आहे. त्यात भक्ती आहे, देवी आहे, आणि पोटही आहे. पोट जरा जास्तच आहे.

बळीरामभाऊ पोलादाच्या प्लांटमधल्या रोलिंग मिलमधून रिटायर झाले आणि त्यांनी गियरची सायकल घेतली. मागच्या उन्हाळ्यात दुर्गच्या पुढं चक्कर येऊन पडले. मुलगा राहुल कार घेऊन गेला आणि त्यांना उचलून घेऊन आला. तेव्हापासून त्या घरात सायकलीचं नाव काढलं की भांडी आपटायची. अशात चैत्र नवरात्र आलं आणि भाऊ म्हणाले, मी सायकलनं डोंगरगडला जातो, बमलाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी. पंच्याहत्तर किलोमीटर!

राहुल म्हणाला, "ठीक है बाबा, जा. पण ग्यारा बजे तक पोचायचं, आईले घेऊन मी कारनं तिथंच येतो. रस्त्यातून फोन करून मले बोलावलं, तं सायकल सुपेल्याच्या बाजारात विकून टाकीन. फाइनल."

"अन् पोचलो तं?"

"तं जिंदगीभर एक शब्द नाही बोलनार."

मग त्यानं एक कागद हँडलला चिकटवला. दर पंधरा मिनिटांनी लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचे दोन घोट. दर पाऊण तासाला अर्धं केळं, नाहीतर दोन खजूर. भुकेची वाट पाहायची नाही, जड काही खायचं नाही.

भाऊंनी चष्मा वर करून वाचलं. "हे जेवन हाये का होमिओपॅथी?"

"पोराचं ऐका जी," नलूवहिनी आतून म्हणाल्या. "मागच्या वेळी तुमच्यापायी माहा जीव अर्धा झाला होता."

पहाटे पाचला भाऊ निघाले. नेहरू नगर गेलं, दुर्ग गेलं, शिवनाथ नदीचा पूल गेला. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट, अगदी शिस्तीत. मग पहिला पंडाल आला.

नवरात्रात त्या रस्त्यानं माणसं अनवाणी डोंगरगडला चालत जातात, आणि त्यांच्या सेवेसाठी गावोगावचे लोक पंडाल टाकून खाऊ घालतात. एका पोरानं सायकलीपुढं दोन्ही हात पसरले. "चाचा, माताजी का प्रसाद! ना नहीं बोलते!"

आता बळीरामभाऊंनी जन्मात कधी प्रसादाला नाही म्हटलेलं नाही. कीर्तन संपलं की पहिला हात त्यांचाच पुढं येतो, हे तुम्हीही पाहिलंय. त्यांनी शिरापुरी खाल्ली. दुसऱ्या पंडालात पोहे-जिलेबी होती. पहिल्याकडं खाल्लं आणि दुसऱ्याकडं नाही खाल्लं, तर देवी म्हणेल, हा माणूस भेदभाव करून राहिला. तिसऱ्याकडं खिचडी, चौथ्याकडं चहा, पाचव्याकडं लाल सरबत. राजनांदगाव सुटेपर्यंत अकरा पंडाल झाले. पायडल वर आलं की गुडघा पोटाला लागायचा आणि भाऊ "जय माता दी" म्हणायचे. जवळच्या लोकांना वाटायचं, काय भक्ती आहे!

खजूर मात्र पिशवीत तसेच होते. बाटलीही साडेआठनंतर कुणी उघडली नव्हती.

सव्वानऊला ऊन चांगलंच तापलं, अठरा किलोमीटर उरले आणि दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की भाऊ सायकलीसकट एका पळसाच्या झाडाखाली बसले. डोळ्यांपुढं अंधारी. हातात मोबाइल. राहुलचा नंबर काढला. बोट त्यावर ठेवायचं, की सायकल गेली.

"का होगे, कका?"

शेजारी एक छत्तीसगढी म्हातारी बसली होती. बिसाहिन तिचं नाव. दोन दिवसांपासून चालत होती; सोबतचा जत्था पुढं गेला होता. भाऊंनी तिला सगळं सांगितलं, पहिल्या शिऱ्यापासून.

तिनं ऐकून घेतलं. "ग्यारा जगा खाय हस?"

"प्रसाद होता, बाई. नाही कसं म्हनावं?"

"परसाद तो चुटकी भर होथे, कका. तैं तो पूरा बरात जेव डारे!" आणि ती अशी हसली की तिच्या गळ्यातले मणी हलले.

मग तिनं आपला जर्मनचा डबा उघडला. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला. ते वरचं पाणी, पसिया म्हणतात त्याला, तिनं झाकणात ओतलं, मिठाची चिमूट टाकली. "एके घाव मं झन पी. घूंट-घूंट." एका दमात पिऊ नको म्हणे.

घोट-घोट! भाऊंनी कपाळावर हात मारला. छत्तीस वर्षं लाल लोखंडापुढं उभे राहिले, ते असंच तर मिठाचं पाणी घोटघोट पिऊन. नव्या पोरांना स्वतः शिकवलं, तहान लागायच्या आधी प्या रे. तिथं कधी चुकलं नाही. पण देवीच्या रस्त्यावर अक्कल घरी राहिली.

झाकण चारदा भरलं. पोटऱ्या सैल झाल्या. भाऊंनी मोबाइल खिशात टाकला, बाईच्या पाया पडले आणि निघाले.

पुढंही पंडाल होतेच. प्रत्येक ठिकाणी भाऊ थांबले, चिमूटभर प्रसाद कपाळाला लावून तोंडात टाकला आणि पुढं गेले. "बस इतनाच, चाचा?" मागून पोरं ओरडायची. मधे पाण्याचे दोन घोट. मधे दोन खजूर.

दहा पंचावन्नला पायथा! भाऊंनी इकडंतिकडं पाहिलं. ना राहुल, ना कार. शेवटी फोन लावलाच.

"राहुल्या, मी पोचलो. तू कुठी?"

पलीकडून कण्हण्याचा आवाज आला. "बाबा, हम अभी भी राजनांदगाव में हैं. आईनं हर पंडाल में गाडी थांबवली. मले बसनंही होऊन नाही राहिलं."

मागून नलूवहिनींचा आवाज: "प्रसादाले नाही म्हनत का कोनी?"

सायकल राहिली. भाऊ आता दर रविवारी जातात, राहुल एक शब्द बोलत नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते पायऱ्यांपाशी बसून होते. बिसाहिन काही दिसली नाही; गर्दीच तेवढी. तिचं गाव विचारायचं राहिलं होतं. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की डब्यातलं सगळं पाणी आपण प्यालो, ती अठरा किलोमीटर कोरड्या भातावर, उन्हातून चालली असेल.

तर बापा, तुम्ही लांबच्या वाटेला निघाल, बाटली तोंडाला लावाल, तेव्हा पहिल्या घोटाला बिसाहिनचं नाव घ्या. एवढं करा माझ्यासाठी.