तिसरं कडवं

तिने हातातली बांगडी काढली, अंगठी काढली, दोन्ही वस्तू पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकल्या आणि रंगमंचाच्या कोपऱ्यात खडूने आखलेल्या वर्तुळात जाऊन उभी राहिली. वरच्या माचीवरून दिवेवाला ओरडला.

"मॅडम, हात दिसतायत. आणखी उजेड पाहिजे का?"

"पाहिजे. तोंडावर टाका. नुसत्या हातांवरून अर्थ लागत नाही."

गाणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं आणि तो जे गाईल ते बहिऱ्या प्रेक्षकांना हातांच्या भाषेत सांगायचं, हे तिचं काम. त्यात पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही. आज गाणारा होता तिचा सख्खा मोठा भाऊ, आणि पहिल्या रांगेत बसणार होते त्यांचे वडील. आई-बाबा दोघेही जन्मापासून बहिरे. आई आता राहिली नव्हती. घरात कान असलेली माणसं दोनच; पुढे दादा गळ्यावर जगू लागला आणि ती हातांवर. बाबा आज आयुष्यात पहिल्यांदा मुलाचं गाणं बघणार होते. चार दिवस आधीच शर्टाला इस्त्री करून तो त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवला होता.

दादाचं ते गाणं सध्या ज्याच्या त्याच्या फोनवर होतं. *चाललो, चाललो, किती पुढे आलो, वळून बघतो तर तिथेच उभा.* चाक आलं आणि पाय गेले, घड्याळ आलं आणि वेळ गेली, असं सांगत सांगत ते गाणं माणसाच्या प्रगतीची पार हवा काढून टाकायचं. त्यावर चर्चासत्रं झडली, विद्वानांनी अर्थ काढले. कुणी म्हणालं यंत्रांविषयी आहे, कुणी म्हणालं माणसाच्या घमेंडीविषयी. तिने मात्र ते पहिल्यांदा बसमध्ये ऐकलं आणि तिसरं कडवं आलं तशी आपला थांबा यायच्या आधीच खाली उतरली.

*मनगटाची सोडली दोरी, उशापाशी लावला दिवा. दिवा जागा, घर निजलेलं, रडून दमला जीव नवा.*

तो दिवा त्यांच्या घरचा होता. दादा तान्हा असताना आई पाळण्याची दोरी मनगटाला बांधून झोपायची. बाळ रडून हातपाय झाडू लागलं की दोरी ओढली जायची आणि तिला जाग यायची. बाबा छापखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. कुठून कुठून भाग गोळा करून त्यांनी एक दिवा बनवला; बाळ रडलं की तो आपोआप लागायचा. दोरी सुटली. तो दिवा बघायला अख्खी गल्ली लोटली होती म्हणे. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी दिव्याची गोष्ट ठरलेली, आणि ती सांगताना बाबांचे हात आवरायचे नाहीत. दादाने नेमका तोच दिवा उचलून माणसाच्या मूर्खपणाचा नमुना म्हणून चव्हाट्यावर मांडला होता. तिने त्याला फोन केला नाही. रागाने तिचं दोन दिवस कशात लक्ष लागलं नव्हतं.

गिटारच्या तारा जुळवत दादा तिच्या वर्तुळापाशी आला.

"छोटे, तिसऱ्या कडव्याचं काय करणार आहेस?"

"तू गाशील ते."

"वेड लागलंय का? समोर बाबा असणार."

"लिहिताना आठवले नाहीत?"

"आठवले. म्हणून तर लिहिलं." त्याने खुंटी पिळली. "हे बघ, दिवा लागतो, बाप उठतो, बाळाला उचलून घेतो. एवढं कर. बाकी गाणं आहे तसं सांग."

"म्हणजे तू एक गाणार आणि मी भलतंच सांगू?"

"त्यांना कुठे कळणार आहे?"

हे वाक्य दोघांनी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते कोण, कुठे, कोणत्या तोंडाने म्हणालं याची उजळणी करता आली असती. किराणावाला वजनात मारताना म्हणायचा, घरमालक शिव्या देताना म्हणायचा. एकदा तर ते ऐकून दादाने दुकानाच्या काचेवर दगड भिरकावला होता, आणि दोघं जीव मुठीत धरून पळाली होती. आज तेच वाक्य त्याच्याच तोंडून, तारा जुळवता जुळवता, सहज आलं. आपल्याच माणसाने आपल्याला परक्यांच्या हवाली करावं तसं तिला झालं.

"मग ते कडवं गाळून टाक," ती म्हणाली.

"लोक त्यासाठी तिकिटं काढतात." मग त्याचा आवाज उतरला. "छोटे, तू रडलीस की मी ऐकायचो. उठून बाबांना हलवायचो. माझ्या वेळी कोण होतं? पाच वर्षांचा होतो, ताप चढलेला. दिवा लागतोय, विझतोय, आई गाढ झोपलेली, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेत."

"हे त्यांना कधी सांगितलंस?"

"गातोय की."

बहिऱ्या बापाला गाऊन सांगणारा हा शहाणा! तिने त्याच्याकडे पाठ फिरवली.

कार्यक्रम सुरू झाला. बाबा पहिल्या रांगेत ताठ बसले होते, मागच्या रांगेत त्यांच्या बहिऱ्या मित्रांची टोळी. पहिलं कडवं तिने मन लावून केलं, दुसरं त्याहून छान जमलं. घड्याळाचा काटा तिने असा काही फिरवला की टोळीतला एकजण पोट धरून हसला. जे गाईल तेच सांगायचं, हे तिने पक्कं ठरवलं होतं. मधलं वाजवणं संपत आलं तेव्हा तिची नजर बाबांवर गेली. ते खुर्चीच्या कडेवर सरकले होते, हनुवटी वर, डोळ्यांची पापणीही न हलवता. त्या चेहऱ्यावर तिला ते कडवं टाकवेना. तिच्या हातांनी दिवा लावला, बापाला उठवलं, बाळाला छातीशी धरून जरा झुलवलंही. मागे दादा खरं कडवं गात होता आणि सभागृह डोळे पुसत होतं. मित्रांनी दोन्ही हात हवेत हलवून दाद दिली. बाबांचे हात मांडीवरच राहिले. गहिवरले असतील, असं तिने धरलं.

दादा सह्या देत बाहेरच अडकला होता. रंगमंचामागच्या खोलीत बाबा आले तेव्हा ती एकटीच बांगडी चढवत होती. बाबांचे हात बोलू लागले.

"तिसरं कडवं पुन्हा कर."

तिने केलं. दिवा लागला, बाप उठला, बाळ उचललं.

बाबांनी शेवटपर्यंत पाहिलं.

"हे गाण्यात नाही," ते म्हणाले. "गाणं आलं तेव्हाच मी वाचलं. फोनवर खाली अक्षरं येतात."

कान आपल्या दोघांनाच, म्हणून गाणंही आपल्या दोघांचंच, असं बहीण-भाऊ इतके दिवस धरून चालले होते. दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसणाऱ्या बापाचा विचार दोघांच्याही मनात आला नव्हता.

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"आधी राग आला. महिनाभर दिव्याची गोष्ट कुणाला सांगितली नाही. मग आठवलं. दोन दोन पाळ्या करून यायचो, पडलो की मेल्यासारखा झोपायचो. मिटलेल्या डोळ्यांना दिवा काय दिसणार? दोरी सोडायला नको होती. पोरगा खरं बोलतोय."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

"वाईट वाटायलाच आलो होतो. त्याने मला हे कधी सांगितलं नाही. आज तो तोंडाने सांगणार होता आणि तू हातांनी. सगळ्या मित्रांना घेऊन आलो होतो. दिव्याची गोष्ट त्यांनी माझ्याकडून शंभर वेळा बघितलीय, एकदा त्याच्याकडूनही बघू दे म्हटलं." ते थांबले. "तो तसाच आहे, मला माहीत होतं. पण मला वाटलं, तू सांगशील."

ती रडू लागली. बाबांनी तिला रडू दिलं. मग त्यांनी तिच्या खांद्याला हात लावून तिला आपल्याकडे बघायला लावलं.

"आईच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते?"

"सांगितलं होतं तुम्हाला."

"तू सांगितलंस की तिला त्रास झाला नाही. वेळेवर आणलं असतं तरी उपयोग नव्हता. डॉक्टर किती वेळ बोलत होते, आणि तुझ्या हातांनी एवढंच सांगितलं. ते खरंच एवढंच म्हणाले होते?"

तिने हात उचलले, आणि ते तसेच खाली घेतले.

दार उघडून दादा आत आला. घामाने थबथबलेला, गळ्यात हार, तोंडभर हसू.

"काय म्हणतायत बाबा? आवडलं का? विचार ना, छोटे."

तिने विचारलं नाही. बाबांनी एक खुर्ची ओढून आपल्यासमोर ठेवली आणि दादाला खांद्यांना धरून बसवलं. सवयीने ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"तिसरं कडवं," बाबा दादाला म्हणाले. "तू सांग. तुझ्या हातांनी."

दादाचं हसू मावळलं. त्याने हात वर केले. घर सोडल्यापासून ही भाषा त्याने क्वचितच वापरली होती. दोरीसाठी बोटं कशी धरायची ते त्याला आठवेना. त्याने तिच्याकडे पाहिलं, लहानपणी परीक्षेत पाहायचा तसं. बाबांनीही तिच्याकडे पाहिलं, आणि दाराकडे बोट दाखवलं.