शालूला न लागणारा रंग

तहसील कचेरीत तीस वर्षं काढली की माणसाला प्रत्येक गोष्टीत हरकत घ्यायची खोड लागते. लेकीच्या, गुंजनच्या लग्नात मी ती खोड हौसेनं भागवून घेतली. केटरर, भटजी, मेहंदीवाली, सगळ्यांना सरळ केलं. आमचे हे म्हणालेसुद्धा, "मंजुषा, तुझ्या धाकानं वरातीतला घोडाही नाकासमोर चालेल."

कबुतरांची कल्पना मात्र होणाऱ्या जावयाची, क्षितिजची. त्यानं मोबाइलवर कुठल्याशा लग्नाचा व्हिडिओ पाहिला होता. मंगलाष्टकं संपली की नवरी गुलाबी रंगवलेलं कबुतर हवेत सोडते आणि नवरा निळं. यावर मी हरकत घेतली नाही. खरं सांगते, मला ते फार आवडलं.

कबुतरं मिळाली लोहारा गावच्या पुंडलिकरावांकडून. शेत कापसाचं, पण जीव सगळा गच्चीवरच्या कबुतरांच्या खुराड्यात. त्यांच्या जमिनीच्या फेरफाराचं काम मी एकदा मार्गी लावलं होतं. तेव्हापासून दर हिवाळ्यात तुरीच्या शेंगांची पिशवी आमच्या घरी येते. हा माणूस मला नाही म्हणणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे पांढरीशुभ्र जोडी एकच होती आणि तिला आठ दिवसांची दोन पिल्लं होती. एवढी लहान पिल्लं दाणा टिपत नाहीत, आईबापाच्या चोचीत चोच घालून जेवतात, हे त्यांनीच मला समजावलं. सकाळी न्या, सोडलं की दोघं आपोआप घर गाठतील, तोवर पिल्लं कळ काढतील, असं त्यांचं म्हणणं. रंगाचीही त्यांना भीती नव्हती. आभाळात आपली कबुतरं ओळखू यावीत म्हणून ते स्वतःच शेपटीला हळद चोळायचे.

"पण हळदच लावा ताई," ते म्हणाले. "दुसरं काही लावू नका."

आता हळद म्हटल्यावर काय बोलायचं? गुंजनचा शालू मोतिया रंगाचा, आणि हळदीचा डाग जन्मात निघत नाही. शिवाय पोरांना गुलाबी आणि निळं हवं होतं. मी डेकोरेशनवाल्या कपिलला बाजूला घेऊन बजावलं, की रंग पोरीच्या हाताला आणि शालूला अजिबात लागता कामा नये. तो डोकं खाजवत म्हणाला, मग गाडीला मारतात तो स्प्रे मारावा लागेल. मी म्हटलं, मार.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता कार्यालयाच्या मागच्या खोलीत त्यानं स्प्रे मारला आणि ब्युटिशियनच्या ड्रायरनं वाळवला. मी जाऊन मादीच्या पाठीवर पांढरा रुमाल घासून पाहिला. रुमाल कोरा. मी कपिलला शाबासकी दिली. कबुतरं तेव्हाच गपगार बसली होती, पण माझं सगळं लक्ष रुमालाकडे.

मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. फोटोग्राफरनं खूण केल्यावर गुंजननं हसत हसत गुलाबी मादी दोन्ही हातांनी वर फेकली. मादी जेवढी वर गेली तेवढीच सरळ खाली आली. पिशवीतून बटाटा पडावा तशी धप्पकन पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती कागदाची वाटली असावी. क्षितिजचं निळं कबुतर पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर आपटलं आणि मग टाळ्या एकेक करून थांबल्या.

मी मादी उचलली. अंग गरम होतं. पंख उघडावा म्हणून बोट घातलं तर पंख उघडेना. पिसं एकमेकांना आणि अंगाला चिकटून सगळं टणक झालं होतं. जरा जोर लावला तर पिसांबरोबर कातडी निघून आली. मान माझ्या मनगटावर लोंबत होती. गुंजन माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या शालूवर एक ठिपकासुद्धा नव्हता.

पंगत बसायच्या आत नवरीची आई कार्यालयातून निघून गेली, हे आमच्या नात्यात अजून दहा वर्षं चघळलं जाईल. हे म्हणत होते, ड्रायव्हरला पाठव. मी ऐकलं नाही. निळा नर मिठाईच्या खोक्यात, मादी टॉवेलात, आणि मी पैठणीतच लोहाऱ्याला.

पुंडलिकराव गच्चीवर उभे होते, कपाळावर हात धरून आभाळाकडे पाहत. आपली कबुतरं जिन्यानं येतील हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी टॉवेल उघडला आणि "डेकोरेशनवाल्यानं केलं," एवढंच मी म्हणाले. ते मटकन खाली बसले. त्यांची बायको तानाबाई खुराड्याशीच होती. तिनं खोक्यातून नर काढला. पिल्लांनी आवाज दिला तसा तो तिच्या हातात धडपडायला लागला, खुराड्याकडे. पंख हलत नव्हते, नुसते पाय चालत होते. मी म्हटलं, बाप तरी आहे ना, पाजू दे त्याला.

तानाबाईनं त्याची चोच उघडून मला दाखवली. आत जीभ निळी होती. अंगावरचा रंग तो सकाळपासून टोचून टोचून काढत होता.

"हे समदं पोटात गेलं त्याच्या," ती म्हणाली. "आता त्यानं पाजलं त पिल्लंबी मरतीन."

तिनं नराला दुसऱ्या पिंजऱ्यात कोंडलं, डाळीचं पीठ कोमट पाण्यात कालवून आणलं आणि एक पिल्लू माझ्या हातात दिलं. मुठीच्या बेचक्यात पीठ कसं धरायचं तेही दाखवलं. पिल्लानं आत चोच खुपसली आणि खायला लागलं. इतकं हपापून, की मला रडू आवरेना. पलीकडे नर जाळीवर डोकं आपटत होता. तानाबाई दुसऱ्या पिल्लाला भरवता भरवता डेकोरेशनवाल्याचा उद्धार करत होती.

"पक्षी हाय का फाटक हाय थे, रंग माराले? कोणं सांगतलं त्याले असं?"

मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. कपिल काही लोहाऱ्याला साक्ष द्यायला येणार नव्हता. पिल्लू माझ्या मुठीत मान घालून जेवत होतं.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "पोरीच्या शालूला लागू नये म्हणून."

पुंडलिकरावांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तानाबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं आपलं पिल्लू पदरात ठेवलं, हात पुढे केला आणि माझ्या मुठीतलं पिल्लू अर्ध्या घासावरून काढून घेतलं.

"द्या इकडं," ती म्हणाली. "तुमच्या घरी लग्न हाय. जा तुमी."