दोष धातूचा

लिफ्टदुरुस्तीच्या धंद्यात वरचा माणूस हातातलं काही सोडत नाही, म्हणून खालचा माणूस निर्धास्त मान खाली घालून काम करतो. गेल्या आठवड्यात थोरल्याच्या हातून ॲल्युमिनियमची हलकी टॉर्च सुटली आणि शाफ्टच्या तळाशी वाकलेल्या धाकट्याच्या खांद्याला चाटून गेली. झाल्या गोष्टीचा दोष कोणाच्या तरी नावावर मांडावा लागतोच. थोरल्याने तो ॲल्युमिनियमच्या नावावर मांडला.

म्हणून दोघे भाऊ आज टॉर्चच्या दुकानात उभे होते.

दुकानदाराने काचेवर तीन टॉर्च ठेवल्या, बोटभर लांबीच्या, एकाच घाटाच्या. "ही टायटॅनियमची. गंजायची नाही, खिसा ओढायची नाही. ही पितळेची. आणि ही तांब्याची, सगळ्यांत जड. काळी पडेल, हाताला वासही येईल."

"दादा, टायटॅनियम घे. वहिनी तुझे खिसे शिवून शिवून दमली."

थोरल्याने ती मुठीत धरली आणि मूठ उघडून पाहिलं. वस्तू हातात आहे की नाही हे डोळ्यांनी तपासणारा माणूस विरळाच. पण दुकानदाराचं लक्ष गिऱ्हाइकाच्या खिशावर होतं. "नको. कळतच नाही धरलीय ते." पितळेलाही त्याने नाक मुरडलं. तांब्याची उचलली तेव्हा मात्र चेहरा खुलला. "ही बघ. हिचं वजन पार मनगटाला कळतं."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" धाकटा हसला.

"तेच अंगण डोक्यात पडलं असतं तुझ्या, गाढवा."

"पूर्ण उजेडावर लावून बघा," दुकानदार म्हणाला. छताच्या कोपऱ्यातली जळमटं लख्ख दिसली. मग तो बॅटरीबद्दल बोलत सुटला, आणि थोरला टॉर्च गच्च धरून ऐकत राहिला.

"बंद करा हं आता. टायटॅनियममध्ये उष्णता पुढच्या टोकाशीच अडकते, तांबं सगळं अंग तापवतं."

"कुठे तापलीय?"

धाकट्याने ती घ्यायला हात पुढे केला आणि चटका बसताच झटकन सोडली. टॉर्च काचेवर आपटली. थोरल्याचा तळवा लालभडक झाला होता, आणि तो त्याच्याकडे दुसऱ्याच्या सामानाकडे पाहावं तसा पाहत होता.

"दादा, कधीपासून?"

"साखरेचं आहे. आधी पायांची जाणीव गेली, मग बोटांची."

"कधीपासून, ते विचारतोय मी."

"मुंग्या यायच्या तोवर बरं होतं. पावसाळ्यात त्याही थांबल्या."

"आणि मी खाली उभा राहत होतो."

"घट्ट धरायचो रे मी."

"किती घट्ट, हे तुला कळायचं कसं?"

दुकानदाराने गार पाण्याचं भांडं आणून ठेवलं. थोरल्याने हात त्यात बुडवला. पाणी गार आहे हे त्याने मानून घेतलं.

"मुकादमाला फोन लाव."

"घरी जाऊन बोलू, दादा."

"घरी गेलो की मी बोलणार नाही. ओळखतोस मला."

धाकट्याने नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाशी धरला. थोरला शाफ्टमध्ये बोलायच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "मुकादम, उद्यापासून वर दुसरा माणूस द्या. नाही, रजा नको. माझे हात गेलेत."

धाकटा फोन तसाच धरून उभा राहिला.