पंधरा मिनिटं पुढे

मित्रांनो, मी एक जुनं ठोक्यांचं घड्याळ आहे. जबलपूरला रांझीत, हेमलताबाईंच्या बैठकीच्या भिंतीवर टांगलेला असतो. आधीच कबूल करून टाकतो, मी जळका आहे. स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर एक गुलाबी प्लास्टिकचं घड्याळ आहे. चहापत्तीच्या मोठ्या पुड्यासोबत फुकट आलेलं! ना लंबक, ना ठोका, ना किल्ली. त्याचं नाव जरी निघालं तरी माझ्या पोटात दुखतं.

आणि का दुखू नये? मी काही फुकट आलेलो नाही. कमानिया गेटमागच्या गल्लीत दिवाकर घड्याळजींचं दुकान होतं. तिथे त्यांनी माझी चाकं एकेक करून बसवली, सागवानी पेटीत मला उभं केलं आणि आठ दिवस कान लावून माझी टिकटिक ऐकली. मगच मला त्यांच्या मित्राच्या, मुरलीधररावांच्या हाती दिलं. मुरलीधरराव म्हणजे हेमलताबाईंचे यजमान, फॅक्टरीत नोकरीला. दर रविवारी आंघोळ झाली की मला किल्ली देत. सकाळी भोंगा वाजला की माझ्याकडे बघून म्हणत, "भोंगा चुकन एखाद्या दिवशी, माझं घड्याळ नाही चुकणार." शेजारीपाजारी खिडकीतून डोकावून माझ्यावरून आपली घड्याळं लावायचे. काय दिवस होते ते!

मुरलीधरराव गेले आणि माझे ग्रह फिरले. त्यांचा मुलगा केतन मनाचा चांगला, पण वेळेच्या नावानं शंख. लग्नाला जाईल तर पंगत उठल्यावर, पाहुण्याला स्टेशनवर घ्यायला जाईल तर पाहुणा तोवर रिक्षा करून घरी. लोकांची बोलणी आईनं खायची. शेवटी हेमलताबाई वैतागल्या, स्टुलावर चढल्या आणि माझे काटे त्यांनी पंधरा मिनिटं पुढे सरकवले. आठ दिवस केतन सगळीकडे वेळेवर पोचला. नवव्या दिवशी तो वजाबाकी शिकला.

तेव्हापासून माझ्या शब्दाला घरात किंमत नाही. मी नऊचे ठोके द्यावेत आणि त्यानं म्हणावं, "म्हणजे पावणेनऊ." त्या गुलाबीला मात्र कोणी हात लावला नाही. नळ सहाला येतो, दूध साडेसहाला, म्हणून स्वयंपाकघरात खरी वेळ हवी! माणसांना भेटायला जायचं तर खोटी चालते. आता सांगा, मी जळू नको तर काय करू?

तीन वर्षं कोणी तेलाचा थेंब घातला नाही, तेव्हा मी अडखळू लागलो. गेल्या थंडीत हेमलताबाईंनी दिवाकरकाकांना बोलावलं. काकांचं दुकान कधीच बंद झालं होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तरी मित्राची आठवण म्हणून आले. बोटांनी चाचपून त्यांनी माझी चाकं पुसली, तेल घातलं. मग मनगटावरचं घड्याळ नाकाशी नेऊन पाहिलं. मी पुढे आहे हे त्यांच्या लक्षात आलं. ठोक्याच्या घड्याळाचे काटे मागे फिरवायचे नसतात, म्हणून त्यांनी माझा लंबक धरून ठेवला आणि चहा मागितला. पंधरा मिनिटं रेंगाळत चहा प्यायले आणि मग लंबक सोडला. चुकीचं घड्याळ भिंतीवर सोडून जायचं नाही, हा त्यांचा उभ्या जन्माचा नेम. त्यात सांगायचं ते काय, असं त्यांना वाटलं. मी तर हरखून गेलो. आता ये म्हणावं त्या गुलाबीला समोर!

चहा पिता पिता काका म्हणाले होते, "वहिनी, उद्या माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकच दिवस येतात. वीस तारखेला आमच्या रोशनीचं लग्न आहे. नातीला नवरी झालेलं डोळे भरून पाहतो, मग माझं काही मागणं नाही."

केतन चटकन बोलला, "काका, मी नेतो ना! रिक्षा-बिक्षा करू नका. नऊला तुमच्या दारात."

"साडेनऊला तिथं हजर पाहिजे, बेटा. नाहीतर नंबर जाते."

"अच्छा, अच्छा. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी मी साडेआठचा ठोका दिला. इतका खणखणीत ठोका मी कित्येक वर्षांत दिला नव्हता.

"केतन, साडेआठ झाले ना. निघत काहून नाहीस? काकांकडे जायला अर्धा तास लागते." हेमलताबाईंनी विचारलं.

"आई, हे पुढं आहे ना! आता कुठं सव्वाआठ होऊन राहिले. दाढी करतो नं निघतो."

"हो, तेही खरंच," म्हणत त्यांनी त्याच्यासाठी आणखी एक पोळी टाकली.

त्याचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, आवाज बंद. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, अरे, कोणीतरी त्या गुलाबीकडे बघा! त्याचं तरी ऐका! पण पोळीवर तूप लावताना वर कोण बघतो? केतन पावणेनऊला निघाला, त्याच्या हिशेबानं साडेआठलाच, तोही शीळ घालत.

अकराला दोघं परत आले. काका खुर्चीत बसले. दवाखान्यात न्यायची पिशवी मांडीवरच होती.

"पंधरा मिनिटं उशीर झाला, आई," केतन म्हणाला. "नंबर गेला. आता पुढच्या महिन्यात."

"आणि रोशनीचं लग्न?"

मग काका हळूच म्हणाले, "सातपासून दारच्या ओट्यावर बसून होतो. चारदा फोन केला. तू रिक्षा नको म्हटलं होतं, म्हणून केली नाही."

"काका, देवाशप्पथ, मी घड्याळ पाहूनच निघालो होतो."

"घड्याळ बरोबर आहे, बेटा. काल मीच लावलं."

केतन स्वयंपाकघरात जाऊन गुलाबी घड्याळ बघून आला. माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मित्रांनो, घरातलं घड्याळ हवं तेवढं पुढे करा. ओट्यावर पिशवी घेऊन बसलेल्या माणसाची वेळ त्यानं बदलत नाही. ती तुम्ही त्याच्याकडून घेतलेली असते आणि ती परत देता येत नाही.

पुढच्या महिन्यात केतन आठ वाजताच काकांच्या ओट्यावर जाऊन बसला. एका डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. काही दिवसांनी काळा चष्मा लावून काका घरी आले, दारातूनच मला पाहून म्हणाले, "पाच वाजून सात." मग स्वयंपाकघरात गेले आणि चक्क त्या गुलाबीला खाली काढून घेऊन आले. "हे दोन मिनिटं मागं आहे," म्हणाले, आणि माझ्याकडे बघून त्याचे काटे लावले. माझ्यावरून! इतकी वर्षं मी याच घटकेची वाट पाहत होतो. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला.

मग काकांनी खिशातून रोशनीच्या लग्नाचा फोटो काढला. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"नथ घातली होती का तिनं?" ते केतनला म्हणाले. "आज समजलं मला."