मुंजाबाच्या नांगराला सुट्टी मिळाली

मी मुंजाबाचा लोखंडी नांगर. बोलायला उशीर झाला, कारण इतकी वर्षं तोंड मातीतच होतं.

शहरातल्या छावणीच्या आठवडी बाजारातून मुंजाबानं मला आणलं, तेव्हा त्याच्या घरची मेंढरं संपून शेती सुरू झाली होती. वाळूजच्या पलीकडं अडीच एकर काळं रान. दर उन्हाळ्यात बैल मला ओढायचे, ढेकळं उलथी पडायची. "नांगरलं नाय तर शेत कसलं?" मुंजाबा म्हणायचा. मला लई भारी वाटायचं.

मग दुष्काळ पडला. चारा संपला, बैल विकावे लागले, मी घरामागं पडलो. मुंजाबा भाड्यानं ट्रॅक्टर सांगू लागला. आधी नांगरट, मग ढेकळं फोडायला रोटाव्हेटर, मग सऱ्या. बी मातीत पडायच्या आतच हात रिकामा व्हायचा. तिसऱ्या वर्षी तर ट्रॅक्टरच मिळेना. शहर आमच्याकडं सरकत होतं. सगळे ट्रॅक्टर प्लॉटांवर मुरूम टाकायला गेले होते.

मुलगा रामेश्वर बजाजनगरात कंपनीत होता. त्याचा फोन आला, "दादा, रान पडू द्या. इथं वॉचमनची जागा हाय."

मुंजाबानं कपडे पिशवीत भरले. बायकोनं, सारजाबाईनं, ते परत बाहेर काढले.

"गेल्या सालच्या सऱ्या तशाच हायेत," ती म्हणाली. "मक्याची धसकटं राहू द्या जमिनीत. वरंब्यावर सरकी टोकू."

"न नांगरता?"

"बांधावरल्या बोरीला कोण नांगरतं?"

पाऊस पडला तसं दोघांनी खुरप्यानं एकेक भोक पाडून सरकी टोकली. शेजारचा कारभारी बांधावरून हसला, "मुंजाबा, रानाची दाढी करायची राहिली का?" मुंजाबा खाली मान घालून टोकत राहिला. खरं सांगतो, मलाही ते अपमानाचंच वाटलं. त्यात गवत माजलं. ते कापून सरीत अंथरता अंथरता सारजाबाईची कंबर धरली.

श्रावणात पावसानं तीन आठवडे तोंड फिरवलं. कारभारीच्या कपाशीनं भरदुपारी माना टाकल्या. आमच्या सरीतलं कुजलेलं गवत सारजाबाईनं बाजूला केलं आणि मातीत बोटं खुपसली. "वल हाय," ती म्हणाली. मुंजाबानंही हात घातला, आणि बराच वेळ काढला नाही.

पाऊस परतल्यावर कारभारीची कपाशीही सावरली; आमचा कापूस त्याच्यापेक्षा थोडा कमीच निघाला. पण त्याच्या रानात दुप्पट भाड्यानं आणलेला ट्रॅक्टर तीनदा फिरला होता, आमच्या रानात एकदाही नाही. वाचलेल्या पैशांत दोन शेळ्या आल्या. मुंजाबानं रामेश्वरला फोन लावला, "वॉचमन दुसरा बघ, बाबा. मला टाइम नाय."

त्या शेळ्या बांधायला मला बांधावर आणून रोवलं. मागच्या आठवड्यात कारभारी आला, माझ्यावर टेकला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, टोकताना अंतर किती धरलं?" सारजाबाईनं त्याच्या हातात खुरपं दिलं आणि रानात नेलं.

तुम्हाला माझी कीव येत असेल, तर राहू द्या. आम्हा नांगरांचं काम उन्हाळ्यात. पेरणी झाली की आमची रवानगी अंधाऱ्या कोपऱ्यात. उभं पीक आम्हाला कोणी दाखवत नाही. या वर्षी दोघांनी पुन्हा तशीच सरकी टोकली, आणि बांधावरून मी बोंडं फुटताना पाहिली. इतकी वर्षं मी कशासाठी राबत होतो, ते मला आता कळलं. लई देखणं असतं हो.