खाकी कव्हरातली बकरी

प्रस्तावना

प्रस्तावना न वाचता पुस्तकात शिरणं म्हणजे चपला न काढता कोणाच्या घरात शिरणं, असं प्रेमानंदांचं मत होतं. हे मत त्यांनी टेलिफोन खात्यात नोकरी करताना बनवलं, निवृत्तीनंतर पक्कं केलं आणि आता दर रविवारी ते आपल्या आठ वर्षांच्या नातीवर, मैत्रीवर, चालवून पाहत होते. मैत्री नागपुरातल्याच बेसाहून इंदोऱ्याला आजी-आजोबांकडे यायची. आजोबा चष्मा पुसायचे, घसा खाकरायचे आणि कपाटातून काढलेल्या गोष्टींच्या पुस्तकाची प्रस्तावना वाचायला घ्यायचे. 'प्रस्तुत संग्रहामागील भूमिका' इथवर येईतो पोरीची मान कलंडलेली असायची. आतला राजा अजून एकदाही शिकारीला निघाला नव्हता.

"झोपली," कौसल्याबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या. "पाळणाघर काढा म्हणून राहिले मी कधीची."

दुसरी प्रस्तावना

वजनदार पुस्तकाला दोन असतात.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाचा, सुशीलचा, फोन आला. "बाबा, राग नका मानू. मैत्री म्हणते, आता रविवारी आजोबांकडे नाही जात. बोअर होते म्हणते. तिले स्केटिंगला टाकून राहिलो."

"टाक ना," प्रेमानंद शांतपणे म्हणाले. "आमचं काय."

शुद्धिपत्र

वर 'शांतपणे' असं आलं आहे, तिथे 'फोन उलटा धरून' असं वाचावं. 'आमचं काय' हे बरोबर आहे. पण त्यानंतर ते जेवले नाहीत, कौसल्याबाईंना अॅसिडिटीचं कारण सांगितलं आणि गॅलरीत जाऊन सुशीलला परत फोन लावला, हे राहून गेलं.

"उद्याचा एक दिवस दे. दीक्षाभूमीवर नेतो तिले. मग स्केटिंग कर, नाहीतर सर्कशीत घाल."

मूळ मजकूर

दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं आणि एक तरी पुस्तक घेऊन यायचं, हा घरातला रिवाज वडिलांचा. वडिलांना वाचता येत नव्हतं, तरी ते घेत. मग ते पुस्तक अख्ख्या वस्तीत फिरे. हळदीचे, कोळशाचे, विडीच्या तंबाखूचे हात त्याला लागत, म्हणून आई पहिल्याच दिवशी त्यावर कव्हर घालायची. आता वस्ती प्रेमानंदांकडे वाचायला येत नव्हती. हात त्यांचे एकट्याचेच उरले होते, आणि तेही साबणाने धुतलेले. कव्हरं मात्र चालूच होती: खाकी कागद, पाठीवर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर.

दीक्षाभूमीच्या गर्दीत मैत्रीचं बोट घट्ट धरून ते पुस्तकांच्या दुकानांशी आले. "तुले जे पाहिजे ते घे," ते म्हणाले. आपण आधीच निवडून ठेवलेलं असलं की माणूस असाच उदार होतो. थोरांच्या बालपणाचं एक गुळगुळीत पुस्तक त्यांनी हळूच तिच्या बाजूला सरकवलंही.

मैत्रीने भलतंच उचललं. मुखपृष्ठावर लांब कानांची पांढरी बकरी होती, आधार कार्डासाठी बसवल्यासारखी सरळ समोर बघणारी.

"हे."

"अवं, हे शेळीपालनाचं आहे. आपण काय बेसाच्या फ्लॅटात बकऱ्या पाळून राहिलो?"

"तुम्हीच म्हणाले ना, जे पाहिजे ते."

"घेऊन द्या ना काका," दुकानदार म्हणाला. "मागं रोगांचे फोटो बी आहेत. रंगीत."

एकेकाळी 'बालवाचनाची दिशा' या विषयावर वाचनालयात तासभर बोललेले प्रेमानंद बकरी बगलेत मारून निघाले. तेवढ्यात खात्यातले जुने मित्र मधुकरराव भेटलेच. ते नेमके अशाच वेळी भेटतात.

"काय गा प्रेमानंद, पेन्शन पुरत नाही का?"

घरी आल्यावर मैत्री आजीबरोबर जेवायला बसली. इकडे प्रेमानंदांच्या हातांनी डोक्याला न विचारता आपलं काम सुरू केलं. कात्री, खळ, खाकी कागद, चिठ्ठी. पोरगी हात धुऊन येईतो पुस्तक तयार होतं आणि चष्मा पुसून झाला होता. एका निवृत्त पशुधन अधिकाऱ्याची चांगली लांबलचक प्रस्तावनाही आत निघाली होती.

"माझी बकरी कुठं आहे?"

"आहे ना आत. सुरक्षित."

"हे माझं नाही. हे तुमचंच आहे!"

"माझं कसं? आत्ताच तर तुले—"

"तुमचंच! तेच आहे हे!" तिने कपाटाकडे बोट केलं. "तुमच्याकडे एकच पुस्तक आहे, खूप सारं. दर संडेला तेच काढता. आणि त्याच्यात स्टोरीच नाही आहे!" आणि तिने भोकाड पसरलं.

कौसल्याबाई इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. "खोटं काय बोलली? लग्न होऊन आली तेव्हा मलेही वाटलं, माणसाच्या घरात सरकारी फायली काहून भरल्या आहेत?"

प्रेमानंदांनी दारात जाऊन, परक्याने पाहावं तसं कपाट पाहिलं. वरपासून खालपर्यंत खाकी. आपलं आयुष्यभराचं प्रेम त्यांना पहिल्यांदाच पोलीस कवायतीच्या रांगेसारखं दिसलं.

मैत्रीने नाक पुसून रांगेतला एक जण ओढून काढला. "मग सांगा, हे कोणतं आहे?"

नंबर पाहिल्याबरोबर त्यांना नाव आठवलं, प्रकाशनाचं वर्ष आठवलं, प्रस्तावनेतली दोन वाक्यंही आठवली.

"वरचं चित्र कोणतं आहे?"

"निळं काहीतरी."

"काय निळं?"

हे मात्र आठवेना. त्यांनी कात्री उचलली आणि थांबले. खाकीच्या आत वर्तमानपत्राचा जुना कागद दिसत होता, पिवळा पडलेला, कोपरे आईच्या पद्धतीने दुहेरी मुडपलेले. तिला अक्षर येत नव्हतं, तरी बातम्या सुलट्या येतील असाच कागद ती लावायची. आईच्या हाताचं आता घरात काय उरलं होतं? हे कोपरेच.

मैत्री त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बरीचशी त्या बकरीसारखी.

"तूच काढ," ते म्हणाले. "मले नाही जमत."

त्यांनी पात्याने हलकेच सोडवलं असतं. तिने वाढदिवसाच्या खोक्यासारखं टराटरा फाडलं. आत निळी नदी, नदीत नाव, आणि नावेत छत्री उघडून बसलेलं एक रानडुक्कर.

दोघंही बघत राहिले.

"हे छत्री घेऊन काहून बसलं आहे?" नागपुरी तिच्या तोंडी एरवी येत नसे.

"मले काय माहीत!" प्रेमानंद म्हणाले, आणि हे अगदी खरं होतं. त्यांनी घाईघाईने पुस्तक उघडलं. समोर प्रस्तावना. अंगठा तिच्यावर ठेवून ते क्षणभर घुटमळले. मग तिची सगळी पानं एकदम उलटली आणि, चपला पायातच ठेवून, आत शिरले.

संध्याकाळी सुशीलचा फोन आला, केव्हा न्यायला येऊ म्हणून.

"आत्ता नको," कौसल्याबाई म्हणाल्या. "डुक्कर पार झालं, आता बकरी व्यायले आली आहे. दोघं तिथंच अडकून राहिले."

मैत्रीने फोन हिसकावला. "पप्पा, स्केटिंग सॅटर्डेला ठेवा. संडेला मला कव्हरं काढायची आहेत. खूप आहेत."

तळटीप

नंबर कव्हरांवर होते. त्यामुळे कोणतं पुस्तक कुठं आहे, हे आता प्रेमानंदांना सांगता येत नाही. मैत्रीला येतं. आईचे मुडपलेले कोपरे त्यांनी शेळीपालनात, रोगांच्या रंगीत फोटोंच्या मधे, ठेवले आहेत. तिथं ते चुरगळत नाहीत. त्या पुस्तकाची प्रस्तावना त्यांनी एकट्यानेच, चोरून, अर्धी वाचली आहे. चांगली आहे म्हणतात.