अंगठ्यांचं दान

थोड्या पैशांत जाहिरातीची चाचणी करून काही कळत नाही, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्या सगळ्यांचे खिसे भरलेले होते. व्हिडिओतला तो पांढऱ्याशुभ्र दातांचा माणूस म्हणतो, आधी पाच हजार डॉलर जाळा, मग आपण बोलू. जाळ बाबा, तुझ्याकडे आहेत. माझ्याकडे दोनशे होते आणि ते मला जाळायचे नव्हते. त्यातून मला फक्त एक गोष्ट विचारायची होती: रुंद पायांचे बूट शोधणारी माणसं नेमकी काय शोधत असतात?

धंदा सरळ आहे. दूरच्या गिलाँग शहरातला एक दुकानदार रुंद पायांसाठी फुटबॉलचे बूट विकतो. मी ते बनवत नाही, साठवत नाही, पाठवत नाही. इंटरनेटवर माझं एक पान आहे. कुठला बूट कुठल्या पायाला बसतो, कुठला टाचेला चावतो, हे मी माझ्या तिन्ही भावांच्या पायांत घालून, त्यांच्या शिव्या खाऊन तिथे लिहिलंय. सर्चमध्ये कोणी बूट शोधले की वर माझी जाहिरात दिसते. माणूस ती दाबतो, माझ्या पानावर येतो, तिथून दुकानात जातो. त्याने बूट घेतले तर दुकानदार मला जोडीमागे अठरा डॉलर देतो. घेतले नाहीत तरी जाहिरात दाबल्याचे पैसे माझ्या खिशातून गेलेलेच असतात. दाबणारा कोणीही असो.

गोदामातलं खोकी भरायचं काम मी सोडलं होतं, पण फोरमन डॅरिलने माझी जागा धरून ठेवली होती. माणूस वाईट नाही. "सिनिवा, सोमवारी दुपारपर्यंत हो की नाही सांग," तो म्हणाला होता, "नंतर मी दुसऱ्या कोणाला घेणार." मग मीही स्वतःशी ठरवलं. दोनशे डॉलर संपायच्या आत एका अनोळखी माणसाने एक जरी जोडी घेतली, तर गोदाम गेलं खड्ड्यात. नाही घेतली, तर पिवळं जाकीट चढवून मुकाट्याने हजर व्हायचं. एका जोडीने पोट भरत नाही हे मलाही कळतं. पण एक माणूस कशामुळे आला ते दिसलं, की दुसऱ्याला कुठे गाठायचं ते कळतं. एकही आला नाही, तर माझं सगळं म्हणणं हवेतलं.

पहिले शंभर शिकण्यात गेले. फुकट बूट शोधणारे, जुने विकत घेणारे, फाटलेले शिवून घेणारे, सगळे येऊन माझी जाहिरात दाबून गेले. मी एकेक शब्द पकडला आणि बंद करून टाकला, म्हणजे तो लिहिणाऱ्याला जाहिरात दिसायचीच नाही. 'फुकट' बंद. 'जुने' बंद. 'दुरुस्ती' बंद. उरलेले शंभर मी रविवारसाठी राखले. लीगचा हंगाम तोंडावर आला होता. पोरांचे पाय उन्हाळ्यात किती वाढलेत हे आयांना शनिवारच्या सरावात कळतं आणि रविवारी त्या फोन घेऊन बसतात.

शनिवारी आई माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"दिवसभर त्या पडद्यात काय बघतेस गं?"

"जाहिरात आहे माझी. बुटांची."

"तुझी? दाखव."

मी दाखवली. तिने चष्मा लावून दोनदा वाचली. "आणि लोकांनी काय करायचं?"

"दाबायची."

"एवढंच?" आई म्हणाली आणि तारोचे कंद सोलायला निघून गेली. तिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय, हे तिच्या चालण्यावरून कळायला हवं होतं. पण मी तेव्हा दोन जाहिरातींची तुलना करत होते.

लोगनमध्ये, आमच्या गावात, बेटांवरून येऊन इथे वसलेल्या आम्हा लोकांचं चर्च शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरतं. प्रार्थना संपली की सगळे तिथेच जेवतात. त्या रविवारी मी स्वयंपाकाच्या बाजूला सापासुईच्या, म्हणजे सोया सॉसमधल्या शेवयांच्या, पातेल्याशी उभी होते. आमच्याकडे फेब्रुवारीत उन्हाळा असतो; तो उकाडा, वर वाफ, चर्चसाठी घातलेला पांढरा पुलेतासी झगा पाठीला चिकटलेला. शेवयांत डाव फिरवता फिरवता एका हाताने फोन उघडला.

जाहिरात सत्तेचाळीस वेळा दाबली गेली होती. एका सकाळीत.

आदल्या अख्ख्या आठवड्यात मिळून एवढे आले नव्हते. माझ्या हातातला डाव थांबला. विक्री शून्य होती, पण मी स्वतःला समजावलं, आया आधी बघतात, नवऱ्याला विचारतात, मग घेतात. एवढी माणसं उगाच येत नाहीत. मी डॅरिलला संदेश लिहायला घेतला. 'आभार, पण मी येत नाही.' पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवणार, तेवढ्यात हॉलमध्ये आईचा आवाज चढला.

आमच्यात दान गुपचूप देत नाहीत. कोणी किती दिलं ते नाव घेऊन सगळ्यांसमोर वाचतात. बाहेरच्यांना ते दिखाऊ वाटतं. वाटू दे. आम्हाला त्यातूनच कळतं की कोण कोणाच्या पाठीशी उभं आहे. तर आई टेबलापाशी उभी होती, डोक्यावर रविवारची टोपी, आणि दानाच्या वेळी निघतो तोच ठसठशीत आवाज काढून वाचत होती.

"पेनिना आणि तिचं घर, बारा वेळा!"

टाळ्या.

"वाईतोआ, नऊ वेळा!"

टाळ्या, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "नऊच? एवढा मोठा माणूस!"

"माझा फोन जुना आहे रे," वाईतोआमामा म्हणाला, "जाहिरात उघडेपर्यंत अर्धं प्रवचन झालं."

"पाद्रीबाईंनी पाच वेळा! प्रार्थना चालू व्हायच्या आधी!"

मी डाव पातेल्यात सोडला आणि ती सत्तेचाळीस वेळा काय शोधून दाबली गेली ते फोनवर उघडलं. 'रुंद फुटबॉल बूट लोगन.' 'रुंद फुटबॉल बूट लोगन.' खालपर्यंत तेच. आईने दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाकडून तेच शब्द घोकून घेतले होते. माझे साठ डॉलर माझ्याच माणसांनी, माझ्यावरच्या प्रेमापोटी, हसत हसत उडवले होते. शिवाय दोन टेबलं अजून जेवायची होती आणि त्यांचे फोन बाहेर निघत होते.

मी आधी जाहिरात थांबवली आणि मग हॉलमध्ये गेले.

"थांबा. कोणी दाबू नका."

"ही बघा आली," आई म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला क्षणभर वाटलं, जाऊ दे, साठ डॉलरच आहेत. पण साठ डॉलरच नव्हते. सोमवारनंतर मी कुठे उभी असणार, ते त्यात होतं. शिवाय असं ठरवून दाबलेलं त्या जाहिरातवाल्यांना दिसलं तर ते खातंच बंद करतात आणि मग रडत बसायचं.

"तुम्ही दाबता तेव्हा मला पैसे मिळत नाहीत," मी म्हणाले. "माझे जातात. दर वेळी. आज सकाळपासून साठ डॉलर गेले."

बाहेर निघालेले फोन एकेक करून टेबलावर पालथे पडले.

वाईतोआमामाने हातातला तारो ताटात ठेवला. "म्हणजे मी तुझ्याकडून नऊ वेळा चोरी केली?"

"तसं नाही मामा."

"तसंच आहे. आणि वर टाळ्या घेतल्या."

कोणीतरी फिसकन हसलं. आई हसली नाही. तिने टोपी नीट केली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "लोकांनी तुला दिलं. तू सगळ्यांसमोर नको म्हणालीस."

"आई, ते देणं नव्हतं."

"ते तू ठरवणार?"

इथे दिलेलं कोणी परत केलेलं मी पाहिलेलं नाही. पण गप्प बसून गोड मानून घ्यायचं आणि मंगळवारी गोदामात जाऊन दात-ओठ खायचे, तेही मला जमणारं नव्हतं. मी सगळ्यांसमोर फोन काढला, नकाशा उघडला आणि लोगन वगळून टाकलं. आता इथे कोणालाही माझी जाहिरात दिसणार नव्हती.

"काय केलंस?" पेनिनामावशीने माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं.

"आपल्याला काढलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"मलासुद्धा?"

"तुला पहिली, मावशी. बारा वेळा दाबलंस तू."

आता हशा मोकळा झाला. आई मात्र भांड्यांकडे निघून गेली आणि जे पातेलं स्वच्छ होतं तेच पुन्हा घासू लागली. मी तिच्या मागे गेले नाही. त्या क्षणी तिला समजवायला गेले असते तर दोघी ओरडलो असतो.

मी खुर्ची ओढून पेनिनामावशीच्या टेबलाशी बसले. "तुम्हाला मला काही द्यायचंच असेल ना, तर एक द्या. मागच्या वेळी पोरांसाठी बूट शोधताना तुम्ही फोनवर काय लिहिलं होतं? आईने सांगितलेलं नको. तुमच्या मनाने लिहिलेलं."

मावशी विचारात पडली. "मी कुठे बूट लिहिलं? मी लिहिलं, पोराच्या करंगळीचं नख निळं पडतंय. मला वाटलं आजार आहे."

"मी लिहिलेलं, अकरा वर्षांचा मुलगा, पाय तेरा नंबर," पलीकडून एक बाई म्हणाली. "दुकानदार म्हणाला, बापाचा नंबर सांगताय का?"

"आम्ही बूट कापतो," वाईतोआमामा म्हणाला. "बाजूने ब्लेड मारायचं. 'बूट सैल कसे करायचे' विचारलं होतं मी. उत्तर आलं, ओलं वर्तमानपत्र कोंबा. कोंबलं. आठवडाभर वास!"

एकानेही 'रुंद फुटबॉल बूट' म्हटलं नाही. तो शब्द दुकानदाराचा होता. मी तोच उचलला होता, आणि पहिले शंभर डॉलर त्याच शब्दावर घातले होते. आपल्या पायाची रुंदी कोण सांगत बसतं? माणूस कुठे दुखतंय ते सांगतो.

मी तिथेच, ताट बाजूला सारून, दुसरी जाहिरात लिहिली. मथळा: 'बुटात करंगळी दुखते?' खाली: 'पाय चांगला आहे, बूट अरुंद आहे.' दुखणारी करंगळी, निळं नख, सैल करायचे बूट, एवढेच शब्द लावले. जुनी जाहिरातही चालू ठेवली, कारण शेजारी जुनी नसेल तर नवी बरी की वाईट हे कशावरून ठरवणार? उरलेले चाळीस दोन्ही जाहिरातींत अर्धे अर्धे वाटले. लोगन सोडून सगळा देश. आणि मग हात लावायचा नाही. चाचणी चालू असताना जो दर तासाला खुटखुट करतो, त्याच्या हाती शेवटी काही लागत नाही. हे मला कोणी शिकवलेलं नाही, माझ्या पहिल्या शंभर डॉलरांनी शिकवलं.

घरी जाताना गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "माझी पोरगी काय लिहिते ते मला समजतं, असं सांगितलं होतं मी सगळ्यांना."

"आता समजलं ना?"

"पैसे तुझे जातात हे समजलं. बाकीचं तुझं तू बघ." मग माझ्याकडे वळून, "पाद्रीबाईंना दुपारी फोन कर. त्यांना वाईट वाटलंय."

केला. पाद्रीबाईंना वाईट वगैरे काही वाटलेलं नव्हतं. आईला वाटलं होतं.

सोमवारी नाश्ता झाल्यावर मी पान उघडलं. जुन्या जाहिरातीचे वीस डॉलर संपले होते, विक्री शून्य. नव्या जाहिरातीचे अजून संपायचे होते. कमी जणांनी दाबली होती, पण जे आले ते माझ्या पानावर थांबले होते, खालपर्यंत वाचत गेले होते. आणि एक जोडी गेली होती. टाउन्सव्हिलहून, चौदा नंबर. शोधताना त्या माणसाने लिहिलं होतं: 'नवीन बुटात करंगळीचं नख काळं'.

आई चहाचा कप घेऊन मागे उभी होती. मी तिला बोलावलं नव्हतं.

"कोण आहे हा?"

"माहीत नाही."

"आपल्यातला आहे?"

"माहीत नाही, आई. तेच तर हवं होतं."

ती वाकून त्या ओळीकडे बघत राहिली. "निळं नाही, काळं म्हणालाय," ती म्हणाली. "बरेच दिवस सहन केलं असणार बिचाऱ्याने. 'काळं नख' पण लिही की तुझ्यात." आणि कप माझ्यापुढे ठेवून गेली. मी लिहिलं.

मग डॅरिलला फोन लावला. मागे फोर्कलिफ्ट पिं पिं करत मागे सरकत होती.

"बोल. येतेस ना?"

"नाही येत."

"म्हणजे तुझं ते बुटांचं चाललं? किती सुटले?"

"अठरा."

"हजार?"

"डॉलर."

तो एवढा मोठ्याने हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "आणि घातले किती?"

"दोनशे."

"सिनिवा, शुद्धीवर आहेस ना? याला तोटा म्हणतात."

"तोटाच आहे," मी म्हणाले. "पण कुठे होतोय ते मला दिसतंय. नव्या जाहिरातीचे पंधरा गेले आणि अठरा आले. बाकीचे सगळे ज्या शब्दावर बुडले, तो मी आत्ता बंद करतेय."

"एका जोडीवर?"

"एका जोडीवर. चुकले तर माझं मी निस्तरीन, तुझ्या दारात येणार नाही. जागा दे कोणालाही."

मागची फोर्कलिफ्ट थांबली असावी. मग डॅरिल म्हणाला, "माझ्या पोराचा पाय बारा नंबर आहे. दहा वर्षांचा आहे तो."

"करंगळी दुखते त्याची?"

"टाच."

"टाचेसाठी दुसरा बूट आहे. माझ्या पानावर जा, तिसरा वाच. जाहिरात शोधू नकोस, तू लोगनचा आहेस, तुला दिसणार नाही."

"अगं, मग जाऊ कसा?"

मी त्याला पानाचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. फोन ठेवल्यावर जुनी जाहिरात बंद केली आणि नव्या जाहिरातीच्या रोजच्या खर्चाच्या मर्यादेत दहा डॉलर वाढवले.